फळीवरची आगगाडी

मुलाच्या वाढदिवशीं घरांत खेळण्यांतली आगगाडी येते. वाटोळे रूळ जमिनीवर मांडले जातात, गाडी फिरूं लागते, आणि सारें घर कौतुकानें भोंवतीं बसतें. पंधरा दिवसांनीं तीच गाडी खोक्यांत बंद होऊन माळ्यावर जाते. हा दोष मुलाच्या चंचलपणाचा नव्हे. गाडी फिरते, पण मुलाला करण्यासारखें कांहींच उरत नाहीं. शिवाय रोज रूळ मांडण्याचा व काढण्याचा कंटाळा निराळाच. या दोन्ही अडचणींवर मुलाच्या खोलींत भिंतीला बसविलेली एक फळी हा उत्तम उपाय आहे.

प्रथम मापांचा विचार. सर्वांत प्रचलित अशा एच्‌ओ प्रमाणांत प्रतिकृति मूळ वस्तूच्या ८७ व्या हिश्श्याएवढी असते, व दोन रुळांतील अंतर १६.५ मिलिमीटर असतें. या प्रमाणांत नेहमींचें लहानांतलें लहान वळणहि सुमारें ३६ सेंटिमीटर त्रिज्येचें असतें; म्हणजे पुऱ्या वर्तुळाला पाऊण मीटरहून अधिक रुंद फळी लागेल. ती लहानशा खोलींत मावावयाची नाहीं. म्हणून कित्येक जण छताखालून खोलीभर फळी फिरवितात. ती शोभते खरी. परंतु गाडी मुलाच्या हाताबाहेर जाते, आणि मूल पुन्हां प्रेक्षकच राहतें. पुण्यास १९९८ सालीं सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयांतील देखावा पाहण्यासाठीं आहे. घरांतली फळी करण्यासाठीं असावी.

यावर इंग्लंडांतील अॅलन राइट या छंदिष्टानें सुंदर तोड काढली. त्याच्या ‘इंगलनुक’ मांडणीला सुमारें चार फूट लांब व एक फूट रुंद एवढीच फळी पुरते. वर्तुळ मुळींच नाहीं. दोन सांधे आणि तीन सायडिंगें, बस्स. एका सायडिंगांत मालाचे पांच डबे राहतात, उरलेल्या दोहोंत प्रत्येकीं तीन. आणि पुढच्या रुळावर इंजिन व तीन डबे एवढीच जागा. एकूण डबे आठ. प्रत्येक डब्याच्या नांवाचा एक पत्ता करावा, पत्ते पिसावे व पांच उचलावे. ज्या क्रमानें पत्ते निघतील त्याच क्रमानें पांच डब्यांची गाडी लांब सायडिंगांत उभी करावयाची. मग शंटिंग सुरू होतें: हा डबा बाजूला सार, तो ओढून आण, सांधा बदल. जागा मुद्दाम अपुरी ठेवलेली असल्यामुळें प्रत्येक हालचाल आधीं मनांत करावी लागते.

फळी बारा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची घ्यावी. पावसाळ्यांतील दमट हवेनें ती वांकूं नये म्हणून दोन्ही अंगांना व कडांनाहि रंग द्यावा. ब्रॅकेटें भिंतींत स्क्रूनें पक्कीं करावीं, पण पलंगाच्या वर कधींहि नव्हे. उंची मुलाच्या छातीइतकी असावी, बापाच्या नव्हे. पाणसळ लावून फळी समतल आहे ना, तें पाहावें; किंचित् उतार असला तरी सोडलेले डबे आपोआप घरंगळतात. पुढच्या कडेला दोन इंच उंचीची पट्टी असली म्हणजे इंजिन जमिनीवर पडत नाहीं.

साध्या पद्धतींत रुळांतून १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह जातो. एक रूळ धन, दुसरा ऋण. हे ध्रुव उलटले कीं इंजिन मागें चालूं लागतें. दाब कमी असल्यामुळें रुळांना हात लागला तरी भय नाहीं. मात्र घरच्या विजेला जोडावयाचा ट्रान्सफॉर्मर तयार व बंद पेटीचाच घ्यावा. रूळ निकेल सिल्व्हरचे, म्हणजे तांबें, जस्त व निकेल यांच्या मिश्रधातूचे, असावेत. पोलादी रूळ गंजतात. गाडी अडखळली तर बहुधा रुळांवरची धूळच कारण असते. स्पिरिटांत भिजविलेलें फडकें फिरवावें; तें मुलानेंच फिरवावें.

पालकांना मोह होतो तो सारें स्वतःच करून देण्याचा. त्यांनीं ब्रॅकेटें व विजेची पेटी संभाळावी. सांधे मुलाच्या हातीं सोपवावे. डबा चुकीच्या सायडिंगांत गेला तर तो तेथेंच राहूं द्यावा. चूक पुढच्या दोन चालींत मुलाला आपोआप उमगते.

आठ डब्यांतून पांच डबे क्रमानें मांडण्याचे प्रकार किती? आठ गुणिले सात, गुणिले सहा, गुणिले पांच, गुणिले चार, म्हणजे ६,७२० होतात. रोज एक डाव मांडला तरी ते संपण्यास अठरा वर्षांहून अधिक काळ लागेल.