ट्रॅक्टरवरचे जादा दिवे आणि विजेचा हिशेब



ट्रॅक्टर घरी आला की थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर दागिने चढू लागतात. आधी मागच्या बाजूला शेतात उजेड पाडणारे दोन दिवे, मग टपावर आणखी दोन, मग मोठा भोंगा, मग गाणी वाजवणारी पेटी आणि मोबाइल भरायची सोय. जीपचीही हीच गत, आणि आता जाड चाकांच्या, कुठल्याही वाटेने जाणाऱ्या ज्या लहान गाड्या निघाल्या आहेत त्यांचीही तीच. यात हौस आहे तशी गरजही आहे. काटोल-नरखेडकडची संत्री पहाटेच्या बाजाराला कळमन्यात पोचवायची, तर तोडा आणि भरणी रात्रीवर जाते. कापूस जिनिंगला न्यायचा, तर ट्रॉली भरेपर्यंत अंधार पडतो. उजेड हवाच. प्रश्न एवढाच, की त्या उजेडाला लागणारी वीज येते कुठून, आणि ती तारेतून नीट जाते की नाही?

हा प्रश्न लहान नाही. कापसाने भरलेल्या ट्रॉलीत एका उघड्या तारेची ठिणगी पुरते. कापूस पेटतो तो नेहमी भडकूनच पेटतो असे नाही. तो आतल्या आत धुमसत राहतो, आणि धूर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. तेव्हा दिवा बसवण्याआधी थोडा हिशेब करू या.

जुन्या काळची मोट आठवा. बैल चालले की मोट वर येई, पाणी हौदात पडे, हौदातून पाटाने मळ्याला जाई. ट्रॅक्टरवर बॅटरी हा हौद आहे. इंजिनच्या पट्ट्याने फिरणारा अल्टरनेटर ही मोट, आणि इंजिन म्हणजे बैल. बैल हळू चालले तर पाणी कमी येणार. इंजिन मंद चालत असेल तर अल्टरनेटरही कमीच वीज देतो. जुन्या गाड्यांवरचा डायनामो तर इंजिन मंद असताना जवळजवळ काहीच देत नसे. आणि बैल थांबले, तर जे काही जाते ते हौदातूनच.

आता आकडे घेऊ. दिव्यावर लिहिलेल्या वॅटला बॅटरीच्या व्होल्टने भागले की अँपिअर मिळतात. अँपिअर म्हणजे पाटातून वाहणारे पाणी समजा. ५५ वॅटचा हॅलोजन दिवा १२ व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर घेतो. दुसऱ्या महायुद्धातली विलिज जीप ६ व्होल्टची होती. तेवढ्याच वॅटच्या दिव्याला तिच्यावर दुप्पट, म्हणजे नऊ अँपिअरहून जास्त लागले असते. म्हणून व्होल्ट न पाहता दिवा विकत घेऊ नये.

समजा, तुमच्या अल्टरनेटरच्या पट्टीवर ३६ अँपिअर लिहिले आहे. पुढचे दोन दिवे, मागचे लाल दिवे आणि इतर किरकोळ मिळून १२ अँपिअर धरा. तुम्ही ५५ वॅटचे चार दिवे वाढवले, त्यांचे झाले सुमारे १८. एकूण ३०. कागदावर हिशेब बसला! पण रात्री माल उतरवताना इंजिन मंद ठेवून चारही दिवे लावले, आणि त्या वेळी अल्टरनेटर १५ अँपिअरच देत असला, तर उरलेले १५ हौदातून जाणार. ७५ अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्याखाली उतरू देऊ नये. म्हणजे खर्चायला मिळाले ३७. अडीच तासांत ते संपले. मग सकाळी किल्ली फिरवली की नुसते ‘टक्’ होते, आणि चार माणसे धक्का मारायला बोलवावी लागतात.

यावर आज एक सोपा उपाय आहे. चांगला एलईडी दिवा १८ ते २० वॅटमध्ये हॅलोजनइतका उजेड देतो. असे चार दिवे सहा-सात अँपिअरमध्ये भागतात. जी लहान गाडी मोजकीच वीज तयार करते, तिला तर हाच दिवा परवडतो.

वीज पुरेशी आहे, आता तारेकडे वळू. बारीक पाटातून जास्त पाणी सोडले तर पाट फुटतो. बारीक तारेतून जास्त अँपिअर सोडले तर तार तापते, वरचे प्लास्टिक वितळते. शिवाय उजेडही घटतो. ट्रॉलीच्या मागे एक ५५ वॅटचा दिवा लावायचा आहे. जायची तार आठ मीटर, परतीची आठ मीटर. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार वापरली, तर वाटेतच सव्वा व्होल्ट खर्च होतो आणि हॅलोजनचा उजेड तिसऱ्या हिश्श्याने उतरतो. अडीच चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर अर्धा व्होल्टच जातो. दिवा मंद लागतो म्हणून लोक मोठा दिवा आणतात. खरे तर तार बदलायला हवी असते.

परतीची तार मुद्दाम सांगितली. ट्रॅक्टरवर लोखंडी अंगच परतीचे काम करते. पण ट्रॉली एका पिनेवर जोडलेली. तिथे गंज, माती, ग्रीस. खड्डा आला की दिवा मिचकतो. म्हणून ट्रॉलीला परतीची वेगळी तार द्यावी.

आता फ्यूज. फ्यूज दिव्याच्या रक्षणासाठी असतो असे पुष्कळांना वाटते. तो असतो तारेच्या रक्षणासाठी. तार कुठे घासून लोखंडाला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. अशा वेळी फ्यूज वितळून वाट बंद करतो. म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या तारेला वाचवू शकत नाही. दोन ५५ वॅटच्या दिव्यांना अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि १५ अँपिअरचा फ्यूज पुरे. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर दोष शोधावा. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळून काम भागवणारे कमी नाहीत. पण ते पहारेकऱ्याला बांधून ठेवून दार उघडे टाकण्यासारखे आहे.

चौथी वस्तू रिले. हिची किंमत थोडी, काम मोठे. समोरच्या लहान बटणातून नऊ-दहा अँपिअर नेले तर बटण जळते. रिले लावला की बटणातून अगदी थोडी वीज जाते. ती रिलेतल्या लोहचुंबकाला हुकूम देते, आणि तो जाड वाट उघडतो. रिलेवर आकडे असतात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली तार, ८७ वर दिवा, ८६ वर बटण, ८५ वर लोखंडी अंग. बटणाची वीज किल्लीमागून घ्यावी, म्हणजे किल्ली काढली की सगळे बंद. नाहीतर विसरलेला एक पाच वॅटचा दिवाही दिवसाला दहा अँपिअर-तास पितो. चार दिवसांत निम्मा हौद रिकामा!

जोडणी करताना बॅटरीची ऋण तार आधी काढावी आणि शेवटी लावावी, म्हणजे पाना चुकून लोखंडाला टेकला तरी ठिणगी पडत नाही. बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. तिथे विडी-काडी नको. पत्र्याच्या भोकातून तार नेताना रबरी कडे घालावे. गोठ्यात उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या तारा उंदीर कुरतडतात, म्हणून हंगामापूर्वी एकदा सगळ्या तारा हाताने चाचपून पाहाव्यात. आणि आपल्या नागपूरचा उन्हाळा! पारा ४५ अंशांवर गेला की बॅटरीतले पाणी लवकर आटते आणि तिचे आयुष्य घटते. तिला झाकणे असतील तर उन्हाळ्यात दर पंधरवड्याला उघडून पाहावे आणि ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, विहिरीचे किंवा नळाचे नाही.

शिक्षक मित्रांनी हा धडा वर्गात जरूर करून दाखवावा. टॉर्चचे सेल, तीन लहान दिवे आणि दोन प्रकारच्या तारा पुरेत. एकाला समांतर दुसरा, मग तिसरा दिवा जोडा, आणि तार बारीक व लांब घ्या. उजेड कसा उतरतो ते मुले स्वतः पाहतील. मग जाड तार लावा. मात्र गाडीची बॅटरी वर्गात आणू नका. तिची शक्ती खेळण्याची नाही.

शेवटी एक विनंती. शेतातले झगझगीत दिवे रस्त्यावर आल्यावर बंद करा. समोरच्या सायकलवाल्याचे डोळे दिपतात, त्याला रस्ता दिसत नाही. याउलट ट्रॉलीच्या मागचा लाल दिवा रस्त्यावर कधीही बंद नसावा. तो पाच वॅटचा, अर्ध्या अँपिअरहून कमी वीज खाणारा. चार मोठे दिवे मिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागे अंधारात बुडालेली ट्रॉली जाताना दिसते, तेव्हा वाटते, हिशेब उलटा झाला. वीज थोडीच असेल, तर तिच्यावर पहिला हक्क त्या लाल दिव्याचा. मागून येणाऱ्याचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो. तो लागला, त्याची तार धड झाली, त्याला फ्यूज बसला, म्हणजे मग टपावरच्या दिव्यांचा विचार खुशाल करावा.