बिनतारी यंत्रांच्या बॅटरीचें आयुष्य

नोकरींत असतांना पावसाळ्यांत दररोज सकाळीं पर्जन्यमापकांतील पाणी मोजून आंकडा वहींत भरण्याचें काम अनेक वर्षें माझ्याकडे होतें. त्या मापकास ना तेल लागे, ना वीज. लागे तो एक माणूस, आणि तो रजेवर गेला कीं रकाना कोरा. २०१७ सालापासून सरकारच्या महावेध प्रकल्पान्वयें महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रें उभीं राहिलीं. फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्रांच्या नोंदींवरून ठरते, म्हणून अवेळीं पडलेल्या एका पावसाचा आंकडा आम्हां आंबा-काजू बागायतदारांस फार मोलाचा. आतां रकाना कोरा राहिला तर तो कोणाच्या रजेमुळें नव्हे, बॅटरीमुळें राहील.

जमिनीचा ओलावा व हवेची आर्द्रता मोजून परस्परांस कळविणारीं लहान यंत्रें बागेंतही बसवितां येतात. या शतकाच्या पहिल्या दशकांत मुंबईच्या आय. आय. टी.नें नाशिकच्या सुला द्राक्षमळ्यांत असें जाळें बसवून पाहिलें होतें. माझ्या पुतण्यानें तें कोठेंसें वाचलें व हापूसच्या कलमांत पांच यंत्रें आणून लावलीं. आठवडा संपण्यापूर्वींच तीं मुकीं झालीं. विक्रेत्यानें दोष सेलांवर ढकलला. सेल बदलले, पुन्हां तोच प्रकार.

खरें कारण निराळें होतें. ओलावा मोजण्यास वीज फारशी लागत नाहीं. ती खाते बिनतारी संदेशाची सामग्री. त्यांतही विशेष हें कीं, कोणी बोलत नसतांना नुसतें कान देऊन बसण्यास बोलण्याइतकीच वीज लागते. टेलॉस नांवाच्या बहुपरिचित यंत्राचा हिशेब घ्या. ऐकतांना तें सुमारें २० मिलिअँपिअर घेतें, निजलें असतां मिलिअँपिअरच्या दोनशेंव्या भागाइतकें. दोन पेन्सिल सेलांत सुमारें २,५०० मिलिअँपिअर-तास धरले, तर सतत जागें राहणारें यंत्र १२५ तासांत, म्हणजे पांच दिवसांत संपतें. तेंच शंभरांत एकच भाग जागें राहिलें, तर कागदावर सोळा महिने निघतात. प्रत्यक्षांत कमी, कारण सेल स्वतःही झिजतो आणि त्यांतील शेवटचा थेंब कामास येत नाहीं.

यास्तव सर्व यंत्रांनीं ठरल्या वेळीं एकदम जागें व्हावें व निरोप देऊन पुन्हां निजावें, अशी योजना करितात. त्यांचीं घड्याळें दिवसाकाठीं एखाद-दोन सेकंदांनीं चुकतात, म्हणून निरोपाबरोबर वेळही जुळवून घ्यावी लागते. आमचीं यंत्रें दर मिनिटास निरोप देत आणि मधल्या वेळांतही जागींच असत. कलमाच्या मुळाशीं ओलावा मिनिटागणिक कोठें बदलतो? आतां मोजणी तासातासानें होते, आणि आंकडा बदलला तरच निरोप जातो; न बदलल्यास सकाळ-संध्याकाळ 'मी आहें' एवढेंच.

तरी मधलें यंत्र इतरांच्या आधीं संपूं लागलें. पलीकडच्या तिघांचे निरोप त्याच्याच डोक्यावरून घराकडे येत. २००० सालीं अमेरिकेंतील एम. आय. टी.च्या संशोधकांनीं यावर लीच नांवाची पद्धत सुचविली: पुढारीपण एकाकडे न ठेवतां पाळीपाळीनें फिरवावें. युक्ति उत्तम; परंतु घरापर्यंत आवाज प्रत्येकाचा पोंचत असेल तरच. आमच्याकडे मध्यें कातळाचा चढ आहे, आणि पावसांत भिजलेला दाट पाला लहरी शोषून घेतो. अखेर घरचें ग्राहकयंत्र माचाच्या खोलींतून काढून चढावरील मांगरावर नेलें, मग दोघांचा निरोप थेट येऊं लागला. अंतर दुप्पट झालें तर वीज निदान चौपट लागते, हें ज्यास कळलें तो जागा बदलण्यास आळस करणार नाहीं.

सौर तावदान लावावें असें कित्येक म्हणतात. उन्हाळ्यांत ठीक आहे; पण आषाढांत मालवणास सूर्यदर्शन दुर्मिळ, आणि खाऱ्या वाऱ्याचा थर, शेवाळ व पक्ष्यांची विष्ठा कांच झांकून टाकतात. तावदान असल्यास महिन्यांतून दोनदां पुसावें, आणि बॅटरी आठ-दहा दिवस ऊन न मिळतां टिकेल इतकी मोठी घ्यावी. लिथियम-थायोनिल क्लोराइडचे सेल महाग, पण ते वर्षाकाठीं शेंकडा एकाच्या आसपासच झिजतात. आमच्या दमट हवेंत सेलाइतकाच त्याचा स्पर्शबिंदू सांभाळावा लागतो. तेथें हिरवा गंज चढला कीं भरलेला सेलही रिकामा भासतो.

पांचही यंत्रांचे सेल मीं मृगापूर्वीं बदलले, तारीख झांकणाच्या आंतल्या बाजूस खडूनें लिहिली आणि जुन्या वहीप्रमाणें एक रकानाही आंखला. दिवाळीपर्यंत त्यांतील एकही मुका झालेला नाहीं.