पिल्लू रानात सोडलं म्हणजे सुटलं का?

भाद्रपदात गावोगावी कुत्र्यांची जी धावपळ चालते, तिचा हिशेब साधारण त्रेसष्ट दिवसांनी समोर येतो. तोवर चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याच्या शिवारात धान कापायला आलेला असतो. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या तणसाच्या ढिगात, कुणाच्या पुंजण्याच्या आडोशाला मादी व्यायलेली सापडते. पाच-सहा पिल्लं. त्यातलं काळंपांढरं, टपोऱ्या कानांचं नर पिल्लू शेजारचा पोरगा घेऊन जातो. उरलेल्यांचा, विशेषतः माद्यांचा, प्रश्न महिनाभरात ऐरणीवर येतो. मग एक पोतं, एक मोटारसायकल आणि गावाबाहेरचा जंगलालगतचा रस्ता. ‘रानात काहीही खाऊन जगतील’ असं म्हणत पोत्याचं तोंड सोडलं जातं.

सोडणारा दुष्ट असतो असं नाही. त्याने पिल्लांना मारलेलं नसतं, उलट त्यांना जगायची संधी दिली असं त्याला मनापासून वाटत असतं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात कुत्र्यांविषयीच्या बहुतेक गैरसमजांचं मूळ इथेच आहे. हौसेने पाळणारे, दया येऊन पोळी टाकणारे आणि वैतागून सोडणारे, सगळेच धरून चालतात की कुत्रं आपलं आपण भागवून घेतं.

ते भागवून घेत नाही. पाळीव कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्यावर आणि उंबऱ्यावर जगत आलेला प्राणी आहे. शिकार करून पोट भरणं त्याला, त्यातही दोन महिन्यांच्या पिल्लाला, जमत नाही. ‘रानकुत्र्यांच्या कळपात मिसळेल’ असंही कुणी सांगतं. ताडोब्यात दिसणारा तांबूस रंगाचा, झुपकेदार काळ्या शेपटीचा रानकुत्रा म्हणजे गावातून पळून रानटी झालेलं कुत्रं नव्हे. ती वेगळीच जात आहे, इतकी वेगळी की तिच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला आपल्या कुत्र्यापेक्षा एक दाढ कमी असते. अनोळखी गावठी पिल्लाला हा कळप सांभाळून घेत नाही.

रानाच्या कडेला पिल्लाची गाठ पडते ती बिबट्याशी. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला आणि एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांपेक्षाही जास्त. अकोले परिसरात उसाची शेती आहे, पोंभुर्ण्यात धान आणि साग-बांबूचं जंगल. आकडे इथे तसेच असतील असं नाही. पण गावकडेला बेवारस कुत्री वाढली की बिबट्याला गावाकडे यायला एक सोपं कारण मिळतं, हे दोन्हीकडे सारखंच.

यालाच जोडून दुसरा समज येतो: अंगणात कुत्रं बांधलं की बिबट्या फिरकत नाही. भुंकण्याने घरच्यांना जाग येते, एवढं खरं. पण रात्री तीन हाताच्या साखळीला, उघड्या ओसरीवर बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही आणि लपताही येत नाही. राखण करायला ठेवलेला प्राणीच आमिष होऊन बसतो आणि त्याच ओसरीवर माणसं झोपलेली असतात. जंगलालगतच्या गावात कुत्रं पाळायचं तर दिवस मावळल्यावर ते कडी लावलेल्या दाराच्या आत हवं. गोठ्यात ठेवलं तर गोठा वरूनही बंद हवा, कारण बिबट्या भिंत चढतो. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्त्याला जाताना कुत्रं सोबत न्यायची सवयही सोडलेली बरी. ते पुढे पळतं, झुडपातल्या अस्वलावर भुंकतं आणि घाबरून उलट मालकाकडेच धावत येतं. मागून काय येईल, ते सांगायला नको.

रानाचंही या सोडलेल्या कुत्र्यांमुळे नुकसान होतं, याची चर्चा त्या मानाने कमी होते. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या गीरमध्ये थोड्याच दिवसांत २३ सिंह मेले. मेलेल्यांपैकी काहींमध्ये कॅनाइन डिस्टेंपर या कुत्र्यांना होणाऱ्या रोगाचा विषाणू सापडला आणि त्यानंतर आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांचं लसीकरण हाती घ्यावं लागलं. महाराष्ट्रातही सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या गावांत डॉ. अनिरुद्ध बेलसरे यांनी कुत्र्यांचं रक्त तपासलं, तेव्हा डिस्टेंपर आणि पार्व्होसारख्या विषाणूंशी संबंध येऊन गेल्याच्या खुणा मोठ्या प्रमाणावर मिळाल्या. हाच डिस्टेंपर वाघाला होतो, रानकुत्र्याला होतो, कोल्ह्यालाही होतो. म्हणून ताडोब्याच्या शेजारच्या गावात एका गावठी कुत्र्याला टोचलेली लस ही जंगलाचीही निगा असते.

कायद्याचं म्हणाल तर उपासमारीने किंवा तहानेने हाल होण्याची शक्यता असेल अशा स्थितीत प्राणी टाकून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० प्रमाणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वीची ही रक्कम आज चहा-पोह्यालाही पुरत नाही, त्यामुळे कायद्याचा धाक कुणाला वाटेल अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. विष घालून किंवा ठेचून मारलं तर मात्र गोष्ट वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमाखाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता चौकातल्या हॉटेलाच्या बाकाखाली पडलेल्या त्या कुत्र्याकडे वळू. अंगावर केस नाहीत, कातडी हत्तीसारखी जाड आणि सुरकुतलेली, कानांच्या कडांना खपल्या, मागचा पाय सारखा खाजवण्यात गुंतलेला. ‘पिसाळलंय, हाकला त्याला’, असं दिवसातून दहा वेळा त्याच्या वाट्याला येतं. त्याला खरूज झालेली असते. कातडीत बीळ करून राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांचा हा आजार आहे आणि रेबीजशी त्याचा काडीचा संबंध नाही. पशुवैद्यकाने वजन पाहून दिलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं काही आठवड्यांत किडे मारतात, दीड-दोन महिन्यांत केस परत येतात आणि हेच ते कुत्रं यावर ओळखीच्या माणसाचाही विश्वास बसत नाही. नुकसान होतं ते घरगुती इलाजाने. गाडीचं जळकं ऑइल किंवा डिझेल फासण्याची पद्धत अजून जिवंत आहे. कुत्रं अंग चाटतं, ते तेल पोटात जातं, सोललेल्या कातडीतूनही आत शिरतं. खरूज बरी होण्याआधी कुत्रंच आजारी पडतं. माणसाला त्याची खाज लागू शकते, पण ती थोडे दिवस राहते आणि उपचाराने जाते. हाताळताना हातमोजे घातले, नंतर साबणाने हात धुतले की झालं.

रेबीज मात्र गंमत नाही. लक्षणं दिसू लागल्यावर त्यातून जवळपास कुणीच वाचत नाही, म्हणून या विषयातले गैरसमज जीव घेतात. ‘कुत्रं पाणी पितंय, म्हणजे पिसाळलेलं नाही’ ही त्यातली सर्वांत धोक्याची समजूत. पाण्याची धास्ती रेबीज झालेल्या माणसात दिसते. पिसाळलेलं कुत्रं पाण्यात तोंड घालू शकतं, ओढाही ओलांडू शकतं. त्याच्यात बघायचं ते वागण्यातला अचानक बदल, बदललेला घोगरा आवाज, लोंबणारा जबडा, गळणारी लाळ, लटपटणारी चाल. ‘पिल्लू आहे, त्याच्या दाताने काय होतंय’ हेही चूक. पिल्लालाही रेबीज होतो. चावल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पाहिलं तर पंधरा मिनिटं फार मोठी वाटतात, आणि तेवढीच लागतात. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही, आणि मांत्रिकाच्या आधी सरकारी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याचा जमाना कधीच गेला. आता दंडात सुया टोचतात, त्याही चार-पाच. जखमेतून रक्त आलं असेल तर तिच्याभोवती प्रतिपिंडांचं वेगळं औषधही सोडावं लागतं. ज्यांना कुत्री वाचवण्याचं काम करायचं आहे, त्यांनी ही लस चावण्याची वाट न पाहता आधीच घ्यावी.

रेबीज हटवता येतो, हे गोव्याने दाखवलं. २०१३ पासून तिथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी दरवर्षी घरोघर आणि गल्लोगल्ली, कधी जाळं टाकून तर कधी हाताने धरून कुत्र्यांना लस टोचली. २०१८ पासून पुढची सलग तीन वर्षं तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. हिशेब साधा आहे. वस्तीतल्या शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूची साखळी तुटते.

‘मारून टाकली की प्रश्न मिटेल’ या युक्तिवादाचा निकालही आपल्याच देशात लागलेला आहे. मद्रास महापालिकेने १८६० मध्ये कुत्री मारायला सुरुवात केली. ब्लू क्रॉस या संस्थेच्या हिशेबाप्रमाणे १९९६ पर्यंत रोज १३५ कुत्री मारण्यापर्यंत मजल गेली, तरी रस्ते रिकामे झाले नाहीत. मोकळ्या झालेल्या जागेत, त्याच उकिरड्यावर, शेजारची कुत्री येतात आणि वाचलेल्या माद्या पुन्हा वितात. म्हणूनच २००१ चे आणि मग २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम नसबंदी व लसीकरणावर उभे आहेत. ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थेची, म्हणजे महापालिकेची जशी तशी ग्रामपंचायतीचीही. कागदावर. लहान नगरपंचायतीकडे ना शस्त्रक्रियागृह असतं, ना कुत्री धरणारी माणसं. कानाच्या टोकाला खाच असलेलं, म्हणजे नसबंदी झालेलं कुत्रं चंद्रपुरात एखादं दिसेल, खेड्यात शोधूनही सापडत नाही.

पाळलेल्या मादीच्या बाबतीत ‘एक वेत होऊ द्यावं, मगच ऑपरेशन करावं’ असा सल्ला जुनीजाणती मंडळी देतात. त्याला वैद्यकीय आधार नाही. उलट पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया झाली तर पुढे स्तनांच्या गाठींचा धोका बराच घटतो आणि गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजार टळतो.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनी या सगळ्याला नवं वळण दिलं. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं मूळ जागी सोडायचं, रेबीजची शंका असलेली आणि आक्रमक कुत्री सोडून. त्याच आदेशात, कुणाला रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं असेल तर स्थानिक संस्थेकडे अर्ज करता येईल आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्या माणसाची राहील, असंही आहे. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं इथली कुत्री हलवायला आणि परत तिथे न सोडायला सांगितलं. तेव्हा प्रश्न पडतो तो पोंभुर्ण्याच्या बसस्थानकावरच्या कुत्र्यांचा. निवारा नसलेल्या गावात ती जाणार कुठे? चंद्रपुरात प्यार फाउंडेशनसारखी संस्था जखमी आणि बेवारस जनावरांवर उपचार करते, पण एका संस्थेच्या आवारात जिल्हाभरची कुत्री मावत नाहीत. उरतं ते घर.

घर शोधताना पहिली अडचण येते ती ‘मोठं कुत्रं लळा लावत नाही’ या समजुतीची. अनुभवी कार्यकर्ते नेमकं उलट सांगतात. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याचा स्वभाव, आकार, मुलांशी आणि कोंबड्यांशी वागणूक डोळ्यांसमोर असते. पिल्लाचं सगळं अजून पोत्यात असतं. घाबरलेल्या कुत्र्याला नव्या घरी रुळायला काही आठवडे लागतात. पहिले दोन-तीन दिवस ते खाटेखालून बाहेर येत नाही, त्याला ओढून काढायचं नसतं. पिल्लू घ्यायचंच तर ते आठ आठवडे आईजवळ राहिलेलं हवं. लवकर तोडलेलं पिल्लू आजाराला बळी पडतं आणि खेळता खेळता किती जोरात चावायचं, हे भावंडांकडून शिकायचं राहून जातं.

दूध-पाव हा तर राष्ट्रीय आहारच झाला आहे. आईचं दूध सुटल्यावर अनेक कुत्र्यांना गाईचं दूध पचत नाही, हगवण लागते आणि मग ‘गावठी कुत्रं नाजूकच’ म्हणून तेच नावं ठेवून घेतं. घरातला भात, त्यावर उकडलेलं अंडं किंवा चिकनचे तुकडे, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण नाही, चॉकलेट नाही. महागड्या खाद्याशिवाय अडत नाही. महाग पडतं ते न दिलेल्या लशीमुळे झालेल्या पार्व्होवरचं सलाईन.

दत्तक देणाऱ्याने चार गोष्टी विचारल्या की घेणाऱ्याला चौकशीचा राग येतो. फुकट कुत्रं द्यायचं आणि वर प्रश्न! पण रात्री ते कुठे झोपेल, नसबंदी कोण करून आणेल, रेबीजची वार्षिक लस कोण लक्षात ठेवेल, हे आधी ठरलं नाही तर ते कुत्रं चार महिन्यांत पुन्हा चौकात दिसतं. पोंभुर्णा, मूल, गोंडपिपरी भागात आणखी एक प्रश्न हमखास विचारावा लागतो. धानाचा हंगाम संपला की इथली कितीतरी कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात जातात, घराला कुलूप लागतं आणि दारातलं कुत्रं दारातच राहतं. तेव्हा कागदावर सही घेताना मालकाच्या नावाखाली दुसरं नावही लिहून घ्यावं: मागे राहणारी आजी, चुलत दीर, शेजारीण, जो कोणी तो दीड-दोन महिना त्याला वाढेल आणि संध्याकाळी आत घेईल. ते नाव मिळालं नाही, तर कुत्रं दुसऱ्या घरी द्यावं, नाहीतर मिरचीचा हंगाम संपेपर्यंत स्वतःकडेच ठेवावं.