गुळवेलीची पारख धुऱ्यावरच

केळापूर तालुक्यात गुळवेल न ओळखणारा कास्तकार विरळाच. धुऱ्यावरील कडुनिंबावर ती आपोआप चढते, आणि घरात ताप आला म्हणजे तिचा काढा होतो. २०२० सालच्या साथीनंतर औषधी कारखान्यांकडून तिची मागणी वाढली. ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथील कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत ती मोठमोठ्या कंपन्यांना पुरविली. आपल्याकडील गटांनाही हा मार्ग मोकळा आहे. मात्र त्या मार्गावर प्रयोगशाळा उभी असते, याची जाणीव फार थोड्यांना असते.

मागील हंगामात आमच्या परिचयाच्या एका गटाची काही पोती खरेदीदाराने परत पाठविली. मालात भेसळ नव्हती, कोणाची लबाडीही नव्हती. पोत्यांच्या मध्यभागी बुरशी धरली होती आणि परीक्षेत मातीचे प्रमाण अधिक निघाले होते. गटातील एका वृद्ध बाईंनी विचारले, "आमचे बापजादे हीच वेल प्याले. तिची एवढी झडती कशापायी?" प्रश्न रास्त आहे व त्याचे उत्तर ग्रामसेवकांस देता आले पाहिजे.

बापजादे जी वेल प्याले ती त्यांनी स्वतः ओळखून तोडलेली असे. कारखान्यात शंभर गावांचा माल एका कढईत पडतो आणि तयार झालेली गोळी आपल्याला कधी न पाहिलेल्या रोग्याच्या पोटात जाते. नाव एक आणि वनस्पती दुसरी, असे झाले तर काय होते ते १९९० नंतर बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे दिसून आले. तेथे वजन उतरविण्यासाठी दिलेल्या गोळ्यांत 'फांग जी' ही चिनी औषधी घालावयाची होती. चीनमध्ये या एकाच नावाने दोन निराळ्या वनस्पती विकल्या जात. त्यांपैकी विषारी वनस्पती गोळ्यांत गेली आणि शंभराहून अधिक रुग्णांचे, बहुतेक स्त्रियांचे, मूत्रपिंड निकामी झाले किंवा त्यास गंभीर इजा पोचली.

गुळवेलीविषयीही असाच संशय उत्पन्न झाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली, गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. २०२२ च्या फेब्रुवारीत आयुष मंत्रालयाने खुलासा केला की खरी गुळवेल, म्हणजे टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, सुरक्षित आहे. परंतु तिच्याच जातकुळीतील टिनोस्पोरा क्रिस्पा ही वेल अपायकारक ठरू शकते. खऱ्या गुळवेलीचे खोड हिरवट असते, त्यावर गाठीगाठी नसतात आणि कापल्यावर दुधाळ चीक येत नाही. क्रिस्पाचे खोड करडे व अतिशय गाठाळ असून त्यातून चीक निघतो. खऱ्या गुळवेलीची फळे गोल व लाल असतात.

येथे एक अडचण आहे. आयुर्वेदीय औषधिकोशाप्रमाणे गुळवेल उन्हाळ्यात, शक्यतो मे महिन्यात, तोडावी. पण त्या दिवसांत वेलीची पाने झडलेली असतात व नवख्यास ती ओळखू येत नाही. यावर उपाय सोपा आहे. पोळ्याच्या सुमारास पाने भरगच्च असताना जाणत्याने वेली पाहून ठेवाव्यात, झाडास रंगाची खूण करावी व वहीत नोंद घ्यावी. तोडणी मात्र मे महिन्यात, खुणेच्या झाडांवरूनच करावी. जमिनीलगतचा हातभर बुंधा राखावा म्हणजे वेल पुन्हा फुटते. टिपेश्वर अभयारण्याच्या हद्दीत तोडणी करता येत नाही, हे सांगणे नलगे.

मे महिन्याचा आणखी एक मोठा लाभ आहे. धुऱ्यावरची वेल म्हणजे कपाशीची शेजारीण. पावसाळ्यात व त्यानंतर कपाशीवर जे औषध फवारले जाते त्याचा तुषार वेलीवर बसतो. २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. त्या विषाचा अंश काढ्यात जाऊ देणे कोणासही रुचणार नाही. तेव्हा ज्या धुऱ्यालगत वारंवार फवारणी होते तेथील वेल सोडूनच द्यावी. नागपूर–हैदराबाद महामार्गाच्या कडेची वेलही नको. तिच्यावर धूर व धूळ अखंड बसत असते.

आता प्रयोगशाळेत काय घडते ते पाहू. नमुना जाळून त्याची राख तोलतात. गुळवेलीची एकूण राख शेकडा १६ पेक्षा अधिक नसावी. ती राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली असता वेलीचे क्षार विरघळतात, वाळू विरघळत नाही. हा न विरघळणारा भाग शेकडा ३ च्या आत हवा. अंगणात, रस्त्यावर किंवा खळ्यात वाळविलेला माल नेमका येथेच सापडतो. त्यानंतर जड धातू पाहतात: दहा लाख भागांत शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ भाग ही मर्यादा आहे. बुरशीपासून होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष तपासतात, तसेच जुलाब व विषमज्वरासारख्या रोगांचे जंतूही. कारखान्यांना हे सर्व नियम २००० साली लागू झालेल्या 'अनुसूची टी' अन्वये पाळावे लागतात.

गुळवेल वाळविणे हे सर्वांत नाजूक काम. हिचे खोड रसाळ व चिवट. तोडून टांगून ठेवले तरी कित्येक दिवस हिरवे राहते. म्हणून तोडल्याबरोबर धुऊन बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, जाड तुकडे उभे चिरावेत आणि मांडवाखाली स्वच्छ ताडपत्रीवर पातळ पसरून रोज दोनदा परतावेत. वरून कोरडा दिसणारा तुकडा आत ओला असतो. परत आलेल्या पोत्यांत हेच झाले होते. तुकडा वाकवावा: कटकन मोडला तर वाळला, लवला तर ओला.

बारदान नवे घ्यावे. युरियाची वा कीटकनाशकाची रिकामी पोती कितीही धुतली तरी यासाठी वापरू नयेत. भरलेली पोती भिंतीपासून दूर, लाकडी फळ्यांवर रचावीत. प्रत्येक पोत्यात गाव, तोडणीची तारीख, झाड व गटाचे नाव लिहिलेली चिठ्ठी घालावी आणि त्याच पोत्यातील ओंजळभर तुकडे काचेच्या बरणीत मोहोरबंद करून गटाने स्वतःजवळ ठेवावेत. खरेदीदाराची तक्रार आली तर दोन्ही नमुने समोरासमोर उघडून तपासता येतात. परत आलेल्या त्या मालाच्या वेळी अशी बरणी नव्हती, आणि पोती मुळातच ओली होती की वाटेत भिजली, हे गटाला अखेरपर्यंत सांगता आले नाही.