तापमान उतरलं म्हणजे ताप उतरला का?

समजा, तुम्ही उंदराला एलपीएस टोचलं, ताप चढला. मग हेक्झामेथोनियम दिलं आणि तापमान दोन अंश खाली आलं. 'औषध तापावर चाललं' असं लिहायला हात शिवशिवतात. जरा थांबा.

ताप येतो तेव्हा मेंदूच्या प्रीऑप्टिक भागात प्रोस्टाग्लँडिन ई२ काम करतं आणि शरीराला 'हवा असलेला आकडा' वर सरकतो. तो गाठायचा तर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसायला हव्यात, तपकिरी चरबीने उष्णता तयार करायला हवी. हा निरोप सिम्पथेटिक नसांमधून जातो, आणि वाटेतल्या गँग्लियनमध्ये तो मुख्यतः निकोटिनिक रिसेप्टरमधूनच पुढे सरकतो. हेक्झामेथोनियम नेमकं तिथेच अडवतं. म्हणजे मेंदू हुकूम सोडतोच आहे, तो पोचत नाही एवढंच! आयबुप्रोफेनचं तसं नाही, ते प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच कमी करतं. थर्मामीटरला मात्र दोन्ही सारखेच.

(कुडकुडणं यात धरू नका. स्नायूंवरचा निकोटिनिक रिसेप्टर वेगळ्या घडणीचा असतो, तो व्हेक्युरोनियमसारखी औषधं अडवतात. आयसीयूत रुग्णाला मुद्दाम थंड करताना कुडकुडणं आवरेना, तर तीच कामी येतात.)

आता खरी गोम. उंदराला सोसवणारं तापमान साधारण ३० अंश, आणि ॲनिमल हाऊस असतं २२ च्या आसपास. म्हणजे तुमचा ठणठणीत उंदीरही दिवसभर थंडीशी झुंजत असतो. त्याला हेक्झामेथोनियम दिलंत तर ताप नसतानाही तो गार पडेल. म्हणून एलपीएसऐवजी सलाइन दिलेला गट हवाच, आणि प्रयोग ३० अंशांनाही करून बघायला हवा. माणूस उन्हात असेल तर गोष्ट आणखी उलटी: घामाचा निरोपही गँग्लियनमधूनच जातो, तो अडला की उष्णता बाहेर टाकणं अवघड.

मेकॅमिलामाइन वापरत असाल तर आणखी सावध राहा. हेक्झामेथोनियम मेंदूत फारसं शिरत नाही, हे शिरतं. निकोटीनने उंदराचं तापमान घसरतं, ती घसरण मेकॅमिलामाइन रोखतं. म्हणजे ब्लॉकरमुळे तापमान वर राहिलं! दोन्ही औषधं शेजारी ठेवून बघितल्याशिवाय परिणाम मेंदूतला की बाहेरचा, हे सांगू नये.

आणि मेंदूला अजून ताप हवाय का, हे उंदरालाच विचारता येतं. एका टोकाला गार, दुसऱ्या टोकाला ऊबदार अशा पेटीत त्याला सोडा. हेक्झामेथोनियम दिलेलं असूनही त्याने उबेत बसून आपलं तापमान सलाइनवाल्या उंदरापेक्षा वर नेलं, तर ताप उतरलेलाच नाही.