एका छत्राखालचे अनेक उद्योग

दक्षिण कोरियाच्या औद्योगिक भरारीचा विषय निघाला की सॅमसंगसारख्या उद्योगसमूहांचे नाव अपरिहार्यपणे पुढे येते. १९३८ साली सुकी मासळी व भाजीपाल्याच्या व्यापारातून निघालेले हे घराणे पुढे साखर, कापड, विमा, जहाजबांधणी, इलेक्ट्रॉनिक्स अशा क्षेत्रांत पसरले. पण त्याच देशातील देवू हा समूह १९९९ साली कर्जाच्या ओझ्याखाली कोसळला, हेही विसरून चालणार नाही.

खानदेशाला हा धडा परका नाही. वाकोदचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली रॉकेलच्या विक्रीने व्यवसायास आरंभ केला. १९७८ साली त्यांनी केळीच्या भुकटीचा एक कारखाना विकत घेऊन तेथे पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास सुरुवात केली. त्यानंतर पीव्हीसी पाइप, ठिबक सिंचन, टिश्यू कल्चरची केळीची रोपे, कांद्याचे निर्जलीकरण आणि आंब्याचा गर अशा शाखा फुटत गेल्या. वरवर हा नुसता पसारा वाटेल. वस्तुतः पाइप घेणारा शेतकरीच ठिबक घेतो, रोपे घेतो, आणि कांदाही तोच पिकवतो. एका शाखेने मिळविलेला विश्वास दुसरीच्या कामी येतो. विविधीकरणाचे खरे अर्थशास्त्र हेच! नव्वदीच्या दशकात वित्तव्यवहारासारख्या परक्या क्षेत्रांत शिरल्यावर याच समूहाला तोटा सोसावा लागला, तो योगायोग नव्हे.

परंतु नाते जुळले म्हणून धोका टळत नाही. २००७ साली इस्रायलच्या नानदान कंपनीत भागीदारी घेऊन समूह जगभर पसरला, कर्जही वाढले. त्यातच सरकारी अनुदानाची येणी अडकली. २०१९ साली कर्जाचे हप्ते थकले, २०२२ साली धनकोंशी तडजोड झाली, आणि २०२३ साली परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस कंपनीत विलीन करून भार हलका करावा लागला.

शाखा अनेक असल्या तरी तिजोरी एकच असते. ती आटली की पाइपचा विक्रेता, कांदा पुरविणारा शेतकरी आणि कारखान्यातील कामगार या सर्वांच्या पोटाला एकदमच चिमटा बसतो. म्हणून शासनाने अनुदान वेळेवर द्यावे, उद्योगाने उधारीच्या बळावर विस्तार करू नये. आणि जळगाव-धुळ्यातील शेतकऱ्यांनी आपल्या मालासाठी सहकारी प्रक्रियेचा दुसरा दरवाजाही उघडा ठेवावा. मोठ्या वृक्षाची सावली हवीच. पण साऱ्या शिवाराने एकाच वृक्षाखाली उभे राहणे शहाणपणाचे नव्हे.