जुन्या संगणकीय खेळांच्या एम्युलेशनमधील रिझोल्यूशन

जुन्या संगणकीय खेळांच्या एम्युलेशनमधील रिझोल्यूशन म्हणजे कालबाह्य संगणकासाठी तयार झालेला खेळ आजच्या संगणकावर चालवताना त्याचे चित्र किती पिक्सेलमध्ये (चित्रबिंदूंमध्ये) आणि कोणत्या प्रमाणात दाखवायचे याची निवड होय. जुन्या यंत्राच्या वर्तनाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. मूळ द्विमितीय चित्रातील पिक्सेलची संख्या ठरलेली असते. त्यामुळे रिझोल्यूशन वाढवल्याने नवा तपशील मिळत नाही. चुकीच्या निवडीने मात्र चित्र ताणले जाते, धूसर होते किंवा ओबडधोबड दिसते.

पार्श्वभूमी

१९८० च्या दशकातील अनेक घरगुती संगणक दूरचित्रवाणी संचाला जोडले जात. ब्रिटनमधील सिंक्लेअर रिसर्चचा झेडएक्स स्पेक्ट्रम (१९८२) हा त्यांपैकी एक. त्याची स्पेक्ट्रम+ ही आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८८ मध्ये परवान्याखाली ‘डीबी स्पेक्ट्रम+’ या नावाने भारतात आणली. स्पेक्ट्रमचे चित्र २५६ × १९२ पिक्सेलचे असून त्याभोवती किनार असते. पुढे आयबीएमने १९८७ मध्ये आणलेल्या व्हीजीए प्रणालीमुळे ३२० × २०० पिक्सेल व २५६ रंग ही मांडणी डॉसवरील खेळांत रूढ झाली. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ची डॉस आवृत्ती (१९९०) ३२० × २०० पिक्सेलमध्येच चालते.

पूर्णांक पट

चित्र दुप्पट, तिप्पट अशा पूर्णांक पटीत मोठे केल्यास प्रत्येक मूळ पिक्सेल सारख्याच आकाराचा दिसतो. १३६६ × ७६८ पिक्सेलच्या लॅपटॉपवर स्पेक्ट्रमचे चित्र बरोबर चौपट, म्हणजे १०२४ × ७६८, होते. १९२० × १०८० च्या पडद्याची संपूर्ण उंची भरायची झाल्यास ५.६२५ पट करावी लागते. मग काही ओळी पाच, तर काही सहा पिक्सेल जाड होतात आणि अक्षरे असमान दिसतात. तेथे पाचपट (१२८० × ९६०) चित्र योग्य ठरते. वर-खाली उरणाऱ्या प्रत्येकी ६० ओळींत मूळ यंत्राची किनार दाखवता येते.

पिक्सेलचा आकार

स्पेक्ट्रमचे पिक्सेल जवळजवळ चौरस होते. डॉसवरील ३२० × २०० चे चित्र मात्र ४:३ प्रमाणाच्या मॉनिटरवर पसरत असल्याने त्याचा प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच दिसे. हे प्रमाण न पाळल्यास पात्रे बुटकी दिसतात आणि वर्तुळे चपटी होतात. अचूक प्रमाण आणि पूर्णांक पट हे दोन्ही १६०० × १२०० मध्ये साधतात (आडवी पाचपट, उभी सहापट). १०८० ओळींच्या पडद्यावर १२८० × १००० हा पर्याय उपयोगी पडतो. त्यात पिक्सेल सारखे राहतात आणि प्रमाणात सुमारे ४ टक्केच फरक पडतो. डॉसबॉक्सच्या ०.७४ आवृत्तीत प्रमाण सुधारण्याची सोय मुळात बंद असते. ती ‘ॲस्पेक्ट’ या सेटिंगने सुरू करावी लागते.

फिल्टर

सीआरटी पडद्यावरील आडव्या काळ्या रेषांचा आभास निर्माण करणारे फिल्टर अनेक एम्युलेटरांत असतात. दूरचित्रवाणी संचावर चालणाऱ्या स्पेक्ट्रमसारख्या यंत्रांना ते शोभतात. व्हीजीए मात्र २०० ओळींतील प्रत्येक ओळ दोनदा काढत असे. त्यामुळे त्या काळच्या मॉनिटरवर अशा ठळक रेषा दिसत नसत. डॉसच्या खेळांना हा फिल्टर लावल्यास मूळपेक्षा वेगळेच चित्र तयार होते.

निवडीचा क्रम

१. संगणकाच्या पडद्याचे स्वतःचे मूळ रिझोल्यूशन कायम ठेवावे. चित्र मोठे करण्याचे काम एम्युलेटरवर सोपवावे.
२. खेळाचे मूळ रिझोल्यूशन आणि पिक्सेलचे प्रमाण पाहावे.
३. पडद्यात मावणारा सर्वांत मोठा पूर्णांक पट निवडावा व उरलेली जागा रिकामी ठेवावी.
४. खेळातील एखादे वर्तुळ गोल दिसते का, हे पाहून प्रमाण पडताळावे.

मूळ यंत्रे आणि सीआरटी संच दुर्मीळ होत असल्याने पुढील पिढ्यांना हे खेळ बहुधा एम्युलेटरमधूनच दिसतील. त्यामुळे प्रदर्शन, लेख किंवा संग्रहासाठी पडद्याची छायाचित्रे घेताना मूळ प्रमाण राखणे हा जतनाचाच भाग ठरतो.